सोबत

आमच्या लहानपणी कंपाउंडातला संडास घरापासून पन्नासेक पावलांवर होता आणि मध्ये चिंचेचं मोठं झाड. दिवसा त्याच झाडाखाली आम्ही चिंचोके खेळायचो, पण दिवेलागण झाली की ते झाड वेगळंच कुणीतरी व्हायचं. रात्री जायची वेळ आली की मी पप्पांच्या खाटेपाशी जाऊन एवढंच म्हणायची, "पप्पा, सोबत." पुढचं वाक्य कधी लागलंच नाही. ते उशाखालची बॅटरी काढायचे, पायांनी चपला चाचपायचे आणि चालू लागायचे. मी आत असले की दाराबाहेर उभं राहून भजन गुणगुणायचे. ते गुणगुणणं माझ्यासाठी होतं. आवाज येतोय म्हणजे पप्पा गेलेले नाहीत. मध्ये थांबले की मी आतून हाक मारायची, आणि बाहेरून उत्तर यायचं, "आहे गं बेबी, इथंच आहे."

चिंचेवर भूत नाही, असं त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. आता याचं नवल वाटतं. ते शाळामास्तर, समजावून सांगण्यात उभा जन्म गेलेला. मनात आणलं असतं तर दोन मिनिटांत माझी भीती खोटी ठरवली असती. पण रात्रीच्या त्या वेळी ते काही समजवायचे नाहीत. उठून यायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते, आईचा फोन आला. पप्पांना तीन दिवस ताप होता, आता बोलताना धाप लागत होती. बोटाला लावायचं ते यंत्र शेजारून आणलं होतं आणि त्यावर ८४ दिसत होतं. "८४ म्हणजे वाईट का गं?" तिने विचारलं. लहानपणी मला ८४ मार्क पडले की पप्पा पेढे आणायचे. मी म्हणाले, "आई, मी निघते."

शिक्रापूर, शिरूर, सुपा. पुणे-नगर रस्ता इतका रिकामा मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा आमच्या शहराचं नाव अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी पहिल्यापासून नुसतं नगर. १७ तारखेला संध्याकाळी एका खाजगी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळाला. फुप्फुसांच्या स्कॅनचा, एचआरसीटीचा, स्कोअर २५ पैकी १८ आला. आईचाही कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला, पण तिचा ऑक्सिजन ९६ होता, म्हणून ती घरी मागच्या खोलीत कोंडून घेऊन राहिली.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये चादरी अंथरून आम्ही वीस-पंचवीस जण राहत होतो. माझ्या शेजारच्या चादरीवरच्या कुटुंबाचे रोजे चालू होते. सूर्य मावळला की त्यांतली एक बाई डबा उघडायची आणि न बोलता माझ्या हातावर दोन खजूर ठेवायची. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. तिचा नवरा दुसऱ्या मजल्यावर, माझे पप्पा दुसऱ्या मजल्यावर. तेवढी ओळख पुरत होती.

आत माणसं कमी पडत होती, म्हणून पेशंटजवळ एका नातेवाइकाला अंगभर संरक्षक किट घालून बसू देत होते. मी गेले नाही. हे लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून सरळ लिहिते. पहिले चार दिवस मी वर गेले नाही. मी ४३ वर्षांची होते, ४५ च्या आतल्यांना तेव्हा लस नव्हती, मला मधुमेह, पुण्यात दोन मुलं. सगळी कारणं खरी होती आणि कुणीही ती मान्य केली असती. पण जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी गेले की माझे तळहात घामाने निथळायचे, आणि त्या वेळी मला मुलंही आठवायची नाहीत नि मधुमेहही. आठवायचं ते चिंचेचं झाड.

वर आत्या जात होती. पप्पांची धाकटी बहीण, ६८ वर्षांची. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात तिने नर्सिंग शिकलेलं, मग उभी हयात सरकारी दवाखान्यांत काढलेली. आमच्या ख्रिस्ती समाजात दर दोन घरांआड एक नर्स आणि एक मास्तर असतो. आमच्या घरात दोन्ही होते. ती खाली आली की आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कसलीही घाई न करता. मी एकदा तिला विचारलं, "आत्या, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," ती म्हणाली. "म्हणून तर हात नीट धुते."

त्याच दिवसांत आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायबलमधलं स्तोत्र ९१ फिरत होतं. हजारो पडले तरी तुझ्याजवळ ते येणार नाही, मरीपासून तो तुला सोडवील, असं अभिवचन त्यात आहे. ते वाचून धीर आलेली माणसं मी पाहिली आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण काही जण त्याच्या आधाराने मास्क काढून घरगुती प्रार्थनेला जमत होते, आणि जे जमत नव्हते त्यांच्या विश्वासाचं मोजमाप करत होते. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं. येशूची गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानात हेच स्तोत्र एकदा मोठ्याने म्हटलं जातं, आणि ते म्हणणारा सैतान असतो. मंदिराच्या शिरोभागी येशूला उभा करून तो म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना! येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, एवढंच म्हणून तो बाजूला होतो. शास्त्रातलं वचन खरं असूनही चुकीच्या तोंडी किती घातकी होतं, हे त्या एका प्रसंगात आहे.

आत्याचं हात धुणं मला त्या उत्तराच्या फार जवळचं वाटतं. १५२७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवलं गेलं, पण ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आपल्या गरोदर बायकोसह तिथेच राहिला. मरीत पळून जावं की नाही, असं ब्रेस्लाऊच्या पाळकांनी त्याला विचारलं होतं. त्याने लिहून कळवलं त्याचा आशय असा: घराला धुरी द्या, औषध घ्या, गरज नाही तिथे जाऊ नका, उगाच स्वतः आजारी पडून दुसऱ्याला पाडू नका, पण शेजाऱ्याला तुमची गरज लागली तर बेलाशक जा. आत्याने ल्यूथर वाचला नसेल. तिला ते करूनच ठाऊक होतं.

आमच्या घरात भीतीची आणि प्रार्थनेची जुनी ओळख आहे. पप्पांची आजी दुष्काळातली मुलगी. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून मुलींची सोय दौंडजवळच्या केडगावला झाली. तिथेच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुलींमध्ये पाच-सहा वर्षांची एक माझी पणजी. तिला आपलं आडनाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, जन्मतारीख तर नव्हतीच. रमाबाई कुठल्या वाटेने त्या मुलखात गेल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. सोळा वर्षांच्या असताना त्यांनी स्वतःचे आईवडील उपासमारीत गमावले, मग बहीण. भूक म्हणजे काय हे ज्या बाईने इतकं जवळून पाहिलं, तिने वीस वर्षांनी पुन्हा भुकेच्याच मुलखात पाऊल टाकायचं! त्यांना भीती वाटली नसेल असं मला वाटत नाही. त्यांना त्या मुलींचे चेहरे वाचता येत होते, म्हणून त्या गेल्या असतील.

पणजी रोज पहाटे गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायची. आणि रोज रात्री भाकरीचा एक चतकोर फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवायची. पप्पांनी लहानपणी स्वतः पाहिलेलं. घरात धान्य होतं, मुलं कमावती होती, तरी मरेपर्यंत तिने तो चतकोर सोडला नाही. सकाळी तो कावळ्याला घालायचा आणि रात्री नवा ठेवायचा. मी विशीत असताना मला ही गोष्ट खटकायची. प्रभूवर एवढा विश्वास, मग उशाखाली भाकरी कशाला? मी तसं पप्पांना म्हटलंही होतं. ते म्हणाले, "प्रार्थना करायची तीच होती आणि भाकरी ठेवायची तीच होती. देवाला दोघी माहीत होत्या."

२१ एप्रिल, बुधवार. दुपारी पार्किंगमध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. नाशिकला एका दवाखान्यात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला, २२ माणसं गेली. आमच्यातला एक मुलगा उठून दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेला आणि आमच्या टाकीकडे नुसता बघत उभा राहिला. मग आणखी दोघं गेले. थोड्या वेळाने आम्ही सगळेच तिथे उभे होतो, लोखंडी जाळीपलीकडच्या त्या पांढऱ्या टाकीकडे बघत, जणू बघितल्याने ती टिकणार होती.

त्याच संध्याकाळी आत्याला कणकण आली. तिने स्वतःच स्वतःला बाजूला केलं, लांबच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि तिथून मला हाक मारली. "बेबी, आता तू."

मी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. नवऱ्याला फोन लावला आणि तो उचलायच्या आत कापला. मग लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं तेविसावं स्तोत्र म्हणायला लागले, खरं सांगायचं तर दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो. तो मला संथ पाण्यावर नेतो. इथवर सगळं "तो" आहे, कुणाला तरी देवाविषयी सांगत असल्यासारखं. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि बोलणाऱ्याचा सूर बदलतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. चाळीस वर्षं म्हणत आले होते, पण हिरवळीवर "तो" असलेला देव अंधारात शिरल्यावर "तू" होतो, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा ऐकू आलं. मराठीत आपण बापाला "तुम्ही" म्हणतो, मास्तरांना, पाळकसाहेबांना, परक्याला "तुम्ही" म्हणतो. "तू" जवळच्यांना, आईला, आणि देवाला. म्हणजे ज्यांच्यापाशी रात्री जाऊन अर्धंच वाक्य बोललं तरी चालतं, त्यांना.

पुढे म्हटलंय, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. नगर जिल्ह्यात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस संपला की आमच्याकडून धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन निघायचे. काठी हाताला, आणि बाभळीची उंच फांदी खाली ओढायला लांब आकडी. रात्री शेतात मेंढरं बसवली की धनगर त्यांच्यातच घोंगडी टाकून झोपायचा. लांडगा येणारच नाही असं त्या मेंढरांना कुणी सांगितलेलं नसायचं. फक्त घोंगडीचा तो वास त्यांच्यात असायचा.

मी वर गेले. भीती गेली म्हणून गेले, असं झालं नाही. पायऱ्या चढताना तळहात तसेच ओले होते, वर ग्लोव्हज घातल्यावर तर आत पाणीच झालं. किटच्या छातीवर सिस्टरने मार्करने माझं नाव लिहिलं, कारण त्या पोशाखात सगळी माणसं सारखीच दिसतात. पण पप्पांच्या चष्म्याशिवाय त्यांना ते नाव वाचता येईना. तोंडावर बायपॅपचा, म्हणजे हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा, मास्क घट्ट आवळलेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याचे वळ. ते माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते. मशीनच्या घरघरीत माझा आवाजही पोचत नव्हता. मी वाकले, त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि गुणगुणायला लागले. शब्द नव्हतेच, मास्कमधून शब्द निघत नव्हते. चालच फक्त. त्यांची बोटं चादरीवर हलली, मग माझ्या हाताला लागली.

रात्री मास्क थोडा सैल करून पाणी पाजताना ते एकच बोलले. "इथंच थांब."

येशूला पकडलं त्या रात्रीची, गेथशेमाने बागेची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेल. दर उत्तम शुक्रवारच्या आसपास ती वाचली जातेच. तिथे येशू घाबरलेला आहे. शुभवर्तमान ते लपवत नाही. त्याचा जीव मरणप्राय खिन्न झालाय, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतोय, तो जमिनीवर पालथा पडून म्हणतोय, हा प्याला टळू दे. उपदेशात आम्हाला पुढचं वाक्य नेहमी ठसवलं जायचं, "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." तेही खरं. पण त्या रात्री पप्पांच्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मला त्याच्या आधीचं आठवत राहिलं. बागेत शिरताना तो पेत्र, याकोब आणि योहान यांना म्हणतो, इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. तो त्यांना लढायला सांगत नाही, उपाय शोधायला सांगत नाही. सोबत मागतो. आणि ती त्याला मिळत नाही. तीनदा उठून येतो, तीनही वेळा ते झोपलेले असतात.

"भिऊ नका" हे शब्द शास्त्रात ३६५ वेळा आहेत, वर्षाच्या दर दिवसाला एक, असं उपदेशात पुष्कळदा सांगतात. मोजायला बसलं तर तेवढे भरत नाहीत. मला त्या आकड्याची गरजही वाटत नाही. मला पुरतो तो बागेतला एकटा येशू, ज्याने "सोबत" हा शब्द आतून उच्चारला आणि बाहेरून उत्तर आलं नाही. म्हणून माझी हाक त्याला पूर्ण वाक्यात सांगावी लागत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. बाकी मोठमोठ्या गोष्टींविषयी माझा विश्वास कधी घट्ट असतो, कधी पातळ. या एका गोष्टीपाशी तो हलत नाही.

मी तीन रात्री बसले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बरं कर, असं मी मागितलं नाही असं नाही; अगदी हट्टाने मागितलं, पणजीच्या नावाने, आईच्या नावाने. शुक्रवारी पप्पा त्यांच्या आईला हाका मारू लागले. "बाई, ए बाई." आमच्या आजीला सगळी मुलं बाई म्हणायची. मध्येच मला बाई समजून माझा हात ओढायचे. मी "आहे, इथंच आहे" म्हणत राहिले. कोण आहे ते सांगितलं नाही. शनिवारी पहाटे पावणेपाचला ते गेले. मला राग आला. तो राग मी प्रार्थनेत बोलूनही दाखवला आणि पुढे पुष्कळ महिने दाखवत राहिले. स्तोत्रांतही तशी रागाची स्तोत्रं आहेत, मी नवी रीत पाडली नाही.

खाली आले तेव्हा उजाडायचं होतं. शेजारच्या चादरीवरची बाई सहरीचं आवरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली. हात लावता येत नव्हता, म्हणून चार हातांवर तशीच उभी राहिली, मी रडायची थांबेपर्यंत.

दफनाला आम्ही सहा जण होतो. महापालिकेचे चार जण किटमध्ये, पाळकसाहेब आणि मी. पाळकसाहेब स्वतः महिन्याभरात किती कबरींशी उभे राहिले असतील, त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. त्यांनी शास्त्र उघडलं, पण ग्लोव्हजच्या बोटांना ती पातळ पानं सुटेनात. दोनदा प्रयत्न केला. मग त्यांनी शास्त्र मिटून काखेत धरलं आणि तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते, माझं मीच त्यांच्याबरोबर म्हणू लागले. दरीपाशी आल्यावर दोर सोडणाऱ्या चौघांतल्या एकाचाही आवाज मिसळला. तो आमच्यातला असावा, की कबरींशी उभं राहून राहून त्याला ते पाठ झालं असावं, मी विचारलं नाही.

आता रात्री फोन वाजला की माझ्या छातीत अजून धस्स होतं. आत्या आठ-दहा दिवसांत बरी झाली आणि आठवड्याला एकदा फोन करून माझी शुगर विचारते. गेल्या पावसात कंपाउंडातलं चिंचेचं झाड पडलं.

त्या दिवशी मी कब्रस्तानातून घरी आले तेव्हा आई मागच्या खोलीच्या खिडकीत उभी होती. अजून तिचे सहा दिवस बाकी होते. मी अंगणात, ती गजाआड. तिने कबर कुठे मिळाली विचारलं नाही, कोण कोण होतं विचारलं नाही. गज धरून म्हणाली, "एकटे नव्हते ना गं ते?"

"नाही आई. मी होते."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हात धू आधी. कालपासून काही खाल्लंयस का?"